पोरी वांड, की शाळा वांड?



जूनच्या तोंडावर घरोघरी दोनच हिशेब चाललेले असतात. एक बी-बियाण्याचा आणि दुसरा पोरांच्या शाळेचा. बियाण्याबद्दल आपण या पानावर नेहमीच बोलतो. आज मात्र एका सिनेमाची गोष्ट सांगणार आहे. सिनेमा विलायती आहे, जुना आहे, काळा-पांढरा आहे आणि पोट धरून हसवणारा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने सिनेमावर काय बोलावे, असे तुम्ही म्हणाल. पण आधी गोष्ट तर ऐका. गोष्ट आहे मुलींच्या एका निवासी शाळेची. सातवी-आठवी झालेल्या पोरीला पुढच्या शिक्षणासाठी बोर्डिंगात ठेवायची की घरी बसवायची, यावर ज्या घरांत रात्री जेवणे झाल्यावर बोलणे चालते, त्या घरांनी तर जरूर ऐका.

सिनेमाचे नाव 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स'. म्हणजे सेंट ट्रिनियन शाळेच्या सुंदरी. नावातच थट्टा आहे, कारण या सुंदरींचे केस पिंजारलेले, मोजे घोट्यावर घसरलेले, बोटे शाईने माखलेली आणि डोक्यात सदा काहीतरी कारस्थान. १९५४ साली हा सिनेमा इंग्लंडात निघाला. दिग्दर्शक फ्रँक लाँडर आणि त्याचा जोडीदार सिडनी गिलियट. लोकांना तो इतका आवडला की त्याच शाळेवर १९५७, १९६०, १९६६ आणि १९८० साली आणखी सिनेमे निघाले, आणि २००७ व २००९ साली नव्या पिढीसाठी पुन्हा दोन निघाले.

सुरुवातच मोठी मजेची आहे. सुट्टी संपून शाळा उघडायची आहे. मुलींची गाडी येणार, एवढे कळल्याबरोबर गावातले दुकानदार दुकानांना फळ्या ठोकतात आणि लोक पटापट घरात शिरतात. टोळधाड येणार म्हटल्यावर जशी धांदल उडावी, तशी. मग शाळेच्या आतला कारभार दिसू लागतो. हॉकीच्या सामन्यात पाहुण्या संघातल्या मुली एकेक करून आडव्या पडतात. रसायनाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनी चक्क जिन नावाची दारू गाळतात, आपल्या भाषेत हातभट्टीच म्हणा ना. आणि फ्लॅश हॅरी नावाचा एक चलाख दलाल झुडपाआडून येऊन ती बाटल्याबाटल्यांनी बाहेर नेतो. जॉर्ज कोल या नटाने हा दलाल असा रंगवला आहे की आपल्या बाजारातल्या एखाद्या हेड्याची आठवण व्हावी.

या शाळेची मुख्याध्यापिका मिस मिलिसेंट फ्रिटन. गंमत अशी की ही बाई ॲलिस्टर सिम नावाच्या पुरुष नटाने केली आहे. तिचा जुगारी भाऊ क्लॅरेन्स आहे, तेही काम त्यानेच केले आहे. पुरुषाने बाईचे काम करणे आपल्याला नवे नाही. बालगंधर्वांचे नाव ज्या भाषेत अजून आदराने घेतात, त्या भाषेच्या माणसांना त्याचे काय नवल? पण सिमची खुबी वेगळी आहे. तो चिरका आवाज काढत नाही, मुरडत नाही, डोळे मिचकावत नाही. त्याची मिस फ्रिटन खरीखुरी बाई वाटते: मायाळू, अदबीने बोलणारी, आणि गळ्यापर्यंत कर्जात बुडालेली. शिक्षिकांचे पगार थकलेले आहेत. नवी मुलगी आली की तिच्याजवळच्या पैशांवर बाईंचा डोळा. आणि तरीही आपल्या शाळेचा तिला अभिमान केवढा! दुसऱ्या शाळा मुलींना कठोर जगात तशाच सोडून देतात, आमच्या मुली बाहेर पडतात तेव्हा जगालाच तयारी करावी लागते, अशा अर्थाचे ती मोठ्या ऐटीत सांगते.

सरकारच्या शिक्षण खात्याला या शाळेची काळजी आहे. त्यांनी तपासणीसाठी आधी माणसे पाठवली होती, पण ती परत आलीच नाहीत! शोध घेतल्यावर कळते की साहेब लोक तिथेच मुक्काम ठोकून रमले आहेत. शेवटी पोलीस आपली एक शिपाईबाई खेळाची शिक्षिका बनवून आत घुसवतात. जॉइस ग्रेनफेल या नटीने ही उंच, भाबडी, धांदरट रुबी गेट्स केली आहे. ती शिट्टी वाजवत मैदानावर येते, आणि पोरी तिचे काय करतात ते बघण्यासारखे आहे.

खरी गोष्ट फिरते ती एका घोड्याभोवती. एका सुलतानाची मुलगी या शाळेत दाखल होते, आणि त्या सुलतानाचा शर्यतीचा घोडा शाळेच्या जवळपासच तयार होत असतो. तो जिंकला तर क्लॅरेन्सचे दिवाळे निघणार. म्हणून तो स्वतःच्या मुलीला शाळेत घुसवतो. ही मुलगी पूर्वी जाळपोळीबद्दल याच शाळेतून काढलेली! मोठ्या वर्गाच्या मुली तिच्या नादाने घोडाच पळवून आणतात. इकडे मिस फ्रिटनने शाळेची उरलीसुरली शिल्लक त्याच घोड्यावर लावलेली, आणि खालच्या वर्गाच्या चिमुरड्यांनीही आपले खाऊचे पैसे त्याच्यावरच लावलेले. मग चिमुरड्या तो घोडा परत पळवतात आणि थेट आपल्या झोपायच्या खोलीत नेऊन लपवतात. पालकांच्या भेटीचा दिवस, पाहुणे दारात, आणि आत मोठ्या विरुद्ध धाकट्या अशी तुंबळ लढाई! अखेर घोडा वेळेवर शर्यतीला पोचतो, जिंकतो, आणि शाळा वाचते.

तर अशी ही गोष्ट. हसून झाले की मात्र एक विचार मनात रेंगाळतो. या शाळेत नेमके वांड कोण आहे?

पोरी आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्या वरची माणसे बघा. मुख्याध्यापिका विद्यार्थिनींच्या पैशांवर शाळा चालवते. कामाचा मोबदला न मिळालेल्या शिक्षिका कसाबसा दिवस ढकलतात. तपासणी करणारे साहेब तपासणी सोडून मुक्कामाला राहतात. आईबाप वर्षातून एकदा नटूनथटून येतात आणि तसेच परत जातात. बाप स्वतःच्या मुलीला चोरीच्या कामाला लावतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मोठ्यांचा सगळा कारभार सैल झाल्यावर पोरींनी आपला कारभार आपण सुरू केला, एवढेच. दारू गाळणे आणि जुगार ही काही शिकण्याची गोष्ट नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण एक बघा: शेवटी शाळा वाचवली कोणी? साहेबांनी नाही, पोलिसांनी नाही, आईबापांनी तर नाहीच. ती वाचवली पिंजारलेल्या केसांच्या, एकमेकींना धरून राहणाऱ्या धाकट्या पोरींनी.

आता एक खटकलेली गोष्टही सांगतो. धाकट्या मुली सिनेमात मळक्या, खोडकर, पण माणसासारख्या आहेत. मोठ्या वर्गाच्या मुली मात्र नटव्या करून ठेवल्या आहेत, जणू पुरुषांनी बघण्यासाठीच उभ्या केल्या आहेत. पुढच्या सिनेमांत तर हे वाढतच गेले. मुलगी लहान असेपर्यंत तिला अक्कल असते आणि मोठी झाली की ती नुसती शोभेची होते, ही खोड विलायतेची आहे तशी आपल्या पडद्याचीही आहे. तेवढा भाग कोंडा समजून पाखडून टाकावा.

आता या शाळेच्या जन्माची हकीकत ऐका. ती सिनेमापेक्षाही विलक्षण आहे.

सेंट ट्रिनियनच्या पोरी मुळात पडद्यावर जन्मल्या नाहीत, कागदावर जन्मल्या. त्यांचा बाप रोनाल्ड सर्ल नावाचा व्यंगचित्रकार. जन्म १९२० सालचा, गाव केंब्रिज. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेत होता आणि त्याची तुकडी काही दिवस स्कॉटलंडमध्ये होती. तिथे एका कुटुंबाशी त्याची ओळख झाली. त्या घरच्या दोन मुली एडिंबऱ्याच्या सेंट ट्रिनियन नावाच्या शाळेत शिकत होत्या. त्या पोरींची गंमत म्हणून त्याने एक चित्र काढले, आणि ते १९४१ साली 'लिलिपुट' नावाच्या मासिकात छापून आले. एवढीशी सुरुवात.

पुढे त्याची तुकडी सिंगापूरला गेली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि हा एकवीस वर्षांचा पोरगा कैदी झाला. सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणारी रेल्वे तेव्हा जपानी लोक जंगलातून काढत होते. सुमारे ४१५ किलोमीटरचा तो मार्ग १९४३ साली पुरा झाला. त्यासाठी बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले, आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले. त्यांत मलायातून नेलेले आपले तमिळ मजूरही होते. सर्ल त्या कामावर होता. हिवतापाने आणि बेरीबेरीने तो मरणाच्या दारात जाऊन आला.

बेरीबेरी म्हणजे काय, हे मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. भात गिरणीत पांढरा शुभ्र सडला की त्याच्यावरचा कोंडा निघून जातो आणि कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व जाते. रोज तसाच सडलेला भात खायचा, वर डाळ नाही, भाजी नाही, तर पाय सुजतात, नसा मरतात, हृदय थकते. कैद्यांच्या ताटात तेच होते. अशा स्थितीत सर्ल चोरून चित्रे काढत राहिला. सोबत्यांची, पहारेकऱ्यांची, मरणाऱ्यांची. सापडला असता तर जीव गेला असता. १९४५ साली तो सुटला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे तीनशे चित्रे होती. ती आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत.

घरी आल्यावर याच माणसाने पुन्हा त्या शाळकरी पोरी काढायला घेतल्या. पण आता त्या साध्या खोडकर राहिल्या नव्हत्या. कोणाच्या हातात कुऱ्हाड, कोणाच्या हातात विषाची बाटली. शाळेचा एक भाग जळून गेलेला आणि बाई वर्गात अशी चौकशी करते, जणू खडू हरवला आहे. लोक हसून बेजार झाले. ज्याने खरे क्रौर्य उघड्या डोळ्यांनी पाहिले, त्याने ते काळ्या मोज्यातल्या शाळकरी पोरींच्या हाती देऊन त्याचे हसू करून टाकले, असे मला वाटते. आपल्या बायका जात्यावर सासुरवासाची थट्टा करत, त्यातला हा प्रकार. दुःख दळून निघते. काही वर्षांनी सर्ल या पोरींना कंटाळला, पण पोरी त्याला सोडेनात. पुढे तो फ्रान्सात जाऊन राहिला आणि २०११ साली वारला. जगाने मात्र त्याला शेवटपर्यंत सेंट ट्रिनियनवाला म्हणूनच ओळखले.

आणि ती खरी शाळा? तिची गोष्ट तर सगळ्यांत महत्त्वाची.

एडिंबऱ्याची सेंट ट्रिनियन शाळा १९२२ साली मिस फ्रेझर ली नावाच्या बाईंनी काढली आणि १९४६ साली ती बंद झाली. ती वांड मुलींची शाळा अजिबात नव्हती. उलट, त्या काळाच्या पुढे असलेली शाळा होती. अमेरिकेतल्या हेलन पार्कहर्स्ट या बाईंनी १९२० च्या सुमारास एक पद्धत काढली होती, तिला डाल्टन योजना म्हणतात. तीत विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीचे काम नेमून देतात. कुठला विषय कधी करायचा, किती वेळ द्यायचा, हे त्याने स्वतः ठरवायचे. शिक्षक सोबत असतो, अडले की सांगतो आणि शेवटी काम तपासतो. बाहेरून लादलेल्या शिस्तीपेक्षा मुलीच्या आतून आलेली शिस्त खरी, हा मिस फ्रेझर ली यांचा विचार होता.

आमच्या शेतीशाळेत बसलेल्या शेतकऱ्यांना ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल. १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या पिकावर शेतीशाळा सुरू झाली आणि नंतर ती आपल्याकडे आली. तीत साहेब फळ्यापाशी उभे राहून औषधाचे नाव सांगत नाही. शेतकरी दर आठवड्याला शेतात उतरतो, झाडावरच्या किडी मोजतो, मित्रकिडीही मोजतो आणि फवारायचे की थांबायचे ते स्वतः ठरवतो. सुरुवातीला लोक म्हणतात, शेतकऱ्याच्या हाती निर्णय दिला तर घोटाळा होईल. घोटाळा होत नाही, नजर तयार होते. मात्र तो सोडून दिलेला नसतो. कोणीतरी त्याच्या सोबत आठवड्याच्या आठवड्याला बांधावर येत असते. मोकळीक देणे वेगळे आणि वाऱ्यावर सोडणे वेगळे. एडिंबऱ्याच्या खऱ्या शाळेने मुलींना मोकळीक दिली होती. सिनेमातल्या खोट्या शाळेने त्यांना वाऱ्यावर सोडले होते.

आणि नशिबाचा खेळ बघा. मुलींवर विश्वास टाकणाऱ्या त्या खऱ्या शाळेचेच नाव विलायतेत बेशिस्त पोरींसाठी वापरू लागले. कुठे चार मुलींनी दंगा केला की म्हणायचे, हे तर सेंट ट्रिनियन झाले! थट्टेची चित्रे घरोघर गेली, खऱ्या शाळेची गोष्ट मागे पडली.

बदनामीचे वारे असेच असते. ते आपल्याकडेही वाहिले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. तिथे राहून शिकायला आलेली पहिली विधवा मुलगी गोदूबाई. पुढे १८९३ साली त्यांचे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झाले आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. या लग्नापायी मुरूड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तेव्हा घराबाहेर राहून शिकणाऱ्या बायका बिघडतील, हेच लोक म्हणत होते. आज आपल्या घरातल्या ज्या लेकीसुना शिक्षिका आहेत, नर्स आहेत, ग्रामसेविका आहेत, त्यांची वाट तिथूनच निघाली.

गावोगाव फिरताना माती परीक्षणाचे बोलणे संपले की एखादी माउली मागे थांबते. पदर सावरत हळूच विचारते, "साहेब, पोरगी हुशार हाय, पण तोंडाळ हाय. बोर्डिंगात ठेवली तर हाताबाहेर जाईल का वो?" मुलाबद्दल हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही. मुलगा वांड असला की म्हणतात, बोर्डिंगात टाका, सुधारेल. मुलगी वांड असली की म्हणतात, बोर्डिंगात नको, बिघडेल. रोग एक, औषध एक, आणि गुण मात्र उलटे कसे सांगता?

आता एक उपमा देतो, रागावू नका. बाजारात खोंड घ्यायला गेल्यावर तुम्ही कुठला निवडता? कान टवकारून उभा असलेला, हात लावताच अंग थरकवणारा, जरा उसळणारा. मान खाली घालून गप्प उभ्या असलेल्या खोंडाला आपण आधी ताप आहे का ते बघतो. मग लेकीच्या बाबतीत मान खाली घालून गप्प बसणारी तेवढी गुणाची, हे कुठले गणित? उलट प्रश्न विचारणारी, मास्तरांची चूक दाखवणारी, मैत्रिणीसाठी भांडणारी मुलगी बाहेरगावी जास्त सुरक्षित असते. वेळ आली तर ती ओरडेल, पळेल, सांगेल. गप्प राहायला शिकवलेली मुलगी तेव्हाही गप्पच राहील. तिची मला जास्त काळजी वाटते.

म्हणून सिनेमातून आपण घ्यायचे ते एवढे. मुलीची परीक्षा पुरे, आता बोर्डिंगाची परीक्षा घ्या. बियाणे घेताना पिशवीवरची उगवणशक्ती आणि तारीख वाचता ना? तसेच इथे.

एकदा न कळवता जा, आणि संध्याकाळी दिवेलागणीला जा. दिवसा सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात. रात्री मुक्कामाला बाई अधीक्षक खरोखर राहते का, ते विचारा. न्हाणीच्या आणि संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, तिथे पाणी आणि दिवा आहे का, हे आईने स्वतः जाऊन बघावे. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत मुलींची काय सोय आहे, हेही आईनेच विचारावे, लाजू नये. मुलींच्या पंगतीत बसून एक वेळ जेवा. डाळ नुसती पिवळे पाणी आहे की डाळ आहे, ते जिभेला कळते. रोजचा पांढरा भात आणि पाणचट वरण काय करते, ते वर सांगितलेच आहे. भेटीची नोंदवही मागा. शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, काय शेरा दिला, ते बघा. सिनेमातले साहेब तपासणीला जाऊन तिथलेच झाले म्हणून आपण हसलो. आपल्या लेकीच्या शाळेत असे झाले तर हसायला येणार नाही.

आणि एक गोष्ट अवश्य करा. तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलींशी जरा बाजूला जाऊन बोला. त्या खिदळत असतील, एकमेकींचे बोलणे तोडून सांगत असतील, आजच्या भाजीला नावे ठेवत असतील, तर निम्मी काळजी सोडा. पण प्रत्येक उत्तर देण्याआधी त्यांची नजर बाईंकडे किंवा साहेबांकडे वळत असेल, तर पिशवी उचला आणि दुसरे बोर्डिंग बघा. जिथे पोरींचा आवाज येत नाही, तिथे शिस्त आहे असे धरून चालू नका.

राहता राहिले मुलीशी बोलणे. तिला पेटी भरून देताना आपण काय सांगतो? नीट राहा, नाव खराब करू नको, कोणाशी बोलू नको. सगळे 'नको'च. त्यात एक होकाराचे वाक्य घाला. मुलांच्या मदतीचा १०९८ हा फुकट क्रमांक तिला पाठ करून द्या. घरचा क्रमांकही पाठ करून द्या, कारण कागद हरवतो. पण क्रमांकाने काम भागत नाही. पोरी सांगत का नाहीत, ठाऊक आहे? काही वाईट घडले आणि घरी सांगितले, तर बाप येईल, दोन शब्द बोलेल आणि पेटीसकट घरी घेऊन जाईल. शाळा सुटेल आणि वर्षभरात लग्न ठरेल. या एका भीतीने कितीतरी पोरी कितीतरी गोष्टी गिळतात. चूक दुसऱ्याची आणि शाळा बंद हिची, हे त्यांनी आजूबाजूला पाहिलेले असते.

म्हणून बापाने, आईने नाही, बापाने स्वतः तिला समोर बसवून सांगावे: "बाई, काही झाले तर मला सांग. सांगितलेस म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही. गरज पडली तर बोर्डिंग बदलू." आणि मग तो शब्द पाळावा. मिरगाचा पाऊस लागला की बोलायला सवड मिळणार नाही. तेव्हा हे पेरणीच्या आधीच सांगून टाका.